नाटक-सिनेमाचे सेट आणि प्रॉपर्टी (म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू) बनवायला शिकायचंय, डिझाइन नाही. कुठे शिकवतात?

मिरजेची_मेघा
मंडळी, जरा लांबेल, सांभाळून घ्या. धाकटी बहीण बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगलीत. अभ्यासात बरी आहे पण जीव सगळा कॉलेजच्या एकांकिकेत, आणि तिथेही अभिनय वगैरे नाही, ही बाई कायम मागे. फ्लॅट ठोकणं (म्हणजे चौकटीवर कापड लावून केलेली सेटची भिंत), रंग मारणं, प्रॉपर्टी जमवणं आणि जी मिळत नाही ती बनवणं. यंदा एकांकिकेत एक खुर्ची होती, हिरो बसला की कोसळायची आणि पुढच्या तालमीला पाच मिनिटांत परत उभी राहायची, ती हिने केली. परीक्षक नाटकाबद्दल काय बोलले कुणाला आठवत नाही पण खुर्ची बघायला विंगेत आले होते.

आता तिला हेच करायचंय. मी नेटवर शोधलं तर सगळीकडे आर्ट डिरेक्शन, प्रॉडक्शन डिझाइन, इंटेरिअर. तिचं म्हणणं मला कागदावर काढायचं नाहीये, मला हाताने करायचंय. बाबा फी भरायला तयार आहेत पण त्यांचा एकच प्रश्न, असलं शिकवणारी शाळा असते का? कुणाच्या तरी मागे फिरत बसणं म्हणजे शिक्षण हे त्यांना पटत नाही. आणि मुलगी आहे म्हणून आईचे वेगळे प्रश्न आहेत ते नंतर लिहिते. कुणी या धंद्यातलं आहे का इथे?

कोथरूडचे_काका
विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीता स्वयंवर केलं ते सांगलीत, नाट्यपंढरी म्हणून मिरवता तुम्ही लोक, आणि तिथल्या मुलीला खिळा ठोकायला कुठे शिकू हे इंटरनेटवर विचारावं लागतंय. छान.

चुरमुरे
+१ काका. मी पण वाचतोय, माझ्या भाच्याचं सेम आहे.

गोरेगाव_पूर्व
मी आर्ट डिपार्टमेंटला असिस्टंट आहे, सिरियल आणि मधेमधे फिल्म, चित्रनगरीत जास्त. मेघाताई, तुमच्या बहिणीने जो फरक केलाय ना, बनवायचंय की काढायचंय, तो आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना वर्षभर कळत नाही. त्यामुळे तिचं अर्धं काम झालंय.

आमच्यात उतरंड अशी असते. वर प्रॉडक्शन डिझायनर, मग आर्ट डिरेक्टर, मग आम्ही असिस्टंट, कुणी ड्रॉइंग करतं, कुणी प्रॉपर्टीच्या मागे चोर बाजार ते ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट पालथं घालतं, कुणी शूटिंग चालू असताना सेटवर उभं असतं. हे सगळे काढणारे आणि सांगणारे. बनवणारे वेगळे, ते ठेकेदाराकडे असतात. सुतार, पेंटर, मोल्डर म्हणजे साचेकाम मूर्तिकाम करणारे, वेल्डर, टेपेस्ट्रीवाले म्हणजे पडदे गाद्या सोफे, आणि सेटिंगची मुलं जी उचलाउचल आणि उभारणी करतात. ह्या कामगारांची युनियन आहे, अलाइड मजदूर, सिनेकामगारांच्या फेडरेशनखाली येते. कार्ड लागतं, पण कार्ड हे शिकून मिळत नाही, काम करत करत मिळतं.

आता खरं सांगू का, ह्या बनवणाऱ्या लोकांसाठी शाळा अशी नाहीच. सुतार हा बापाकडून नाहीतर काकाकडून शिकून आलेला असतो. मोल्डर बंगालकडचे पुष्कळ, त्यांच्या घरात मूर्तिकाम. पेंटरमध्ये जुने थिएटरचे बॅनर रंगवणारे होते, फ्लेक्स आल्यावर ते काम बसलं आणि त्यातले काही सेटवर आले, भिंतीला दोन तासात पन्नास वर्षं म्हातारी करून देतात. त्यांना कोर्स म्हटलं तर हसतील. पण शिकवत नाहीत असंही नाही, शेजारी उभं राहून हात चालवला की आपोआप सांगतात.

चष्मेवाली
मी आर्किटेक्चर करून मग पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमधून आर्ट डिरेक्शन केलं. माहिती म्हणून लिहिते. तिथला कोर्स आर्ट डिरेक्शन आणि प्रॉडक्शन डिझाइनचा, पदव्युत्तर. प्रवेशाला पदवी लागते आणि ती सुद्धा कुठलीही चालत नाही, अप्लाइड आर्ट, आर्किटेक्चर, पेंटिंग, शिल्पकला, इंटेरिअर अशा लाइनची किंवा समकक्ष डिप्लोमा. म्हणजे बीकॉमवर हा दरवाजा बंद. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पदवी कुठलीही चालते पण नाटकात काम केल्याचा अनुभव मागतात, तीन वर्षांचा कोर्स आणि तिथे पुढे डिझाइन हा विषय घेता येतो. जागा दोन्हीकडे मोजक्याच.

पण गोरेगाव_पूर्व म्हणतायत ते बरोबर आहे, आमच्याकडे सेट बांधायला सुतार असायचे आणि आम्ही ड्रॉइंग द्यायचो. वर्कशॉपमध्ये हात काळे केले नाहीत असं नाही, मॉडेल तर रात्र रात्र बसून केलीत, पण मी रंधा मारायला तिथे शिकले असं म्हणणं खोटं होईल. मी शिकले ते बघायला. कॅमेऱ्याला कुठली भिंत दिसणार, कुठली भिंत शॉटच्या मधे काढता आली पाहिजे, काळ कुठला आहे तर स्विच कसले, दाराच्या कड्या कसल्या.

कोथरूडचे_काका
बरं ती इन्स्टिट्यूट जिथे आहे तो प्रभात स्टुडिओ, प्रभात १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्यात आली. प्रभातचे सेट फत्तेलालांचे. फत्तेलाल आणि दामले तयार झाले बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, आणि बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. कुठली शाळा आणि कुठलं काय. म्हणजे आज जिथे प्रवेश परीक्षा देऊन शिकवतात ती वास्तू एकमेकांच्या हाताखाली शिकलेल्यांनी उभी केली. तुमच्या बाबांना हे सांगा. फिरत बसणं नव्हतं ते.

मिरजेची_मेघा
काका, बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले तेव्हाची गोष्ट वेगळी होती. 😄
चष्मेवाली, थँक्स, निदान कुठला दरवाजा बंद ते कळलं.

विंगेतला
धागा उशिरा पाहिला. मी व्यावसायिक नाटकाला बॅकस्टेज करतो, आता वय झालं पण अजून दौऱ्याला जातो. सिनेमावाले बोलले, आता नाटकाचं ऐका, कारण पोरगी नाटकातून आलीय आणि नाटकाचा सेट ही पूर्ण वेगळी जात आहे.

सिनेमाचा सेट एका जागी उभा राहतो, शूटिंग झालं की तोडतात. सिरियलचा बंगला वर्षानुवर्षं तसाच. आमचा सेट मात्र रोज जन्मतो रोज मरतो. एकाच नाट्यगृहात सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं. मधल्या वेळात आधीच्यांचा सेट उतरणार, मग आमचा चढणार, हातात तास दीड तास, त्यातच लाइटवाल्यांना पण लावायचंय आणि नट मंडळी चहा घेऊन मधूनच फिरतायत. रात्री प्रयोग संपला की परत सगळं सुटं करून टेम्पोत. उद्या नाशिक, परवा जळगाव. प्रत्येक गावचा रंगमंच वेगळा, कुठे रुंदी कमी, कुठे खोली नाही, कुठे विंगेत कुलरच ठेवलेला.

म्हणजे नाटकाचा सेट बनवणाऱ्याला सुंदर दिवाणखाना करून भागत नाही. तो दिवाणखाना चौघांना न भांडता उचलता आला पाहिजे, टेम्पोच्या दारातून आत गेला पाहिजे, शंभर प्रयोग टिकला पाहिजे. फ्लॅटला फ्लॅट जोडताना बिजागरीची पिन निघणारी हवी, पिन घातली की भिंत, पिन काढली की दोन फळ्या. प्रत्येक तुकड्याच्या मागे नंबर. दार असेल तर त्याची चौकट स्वतंत्र मजबूत, कारण नायिका रागाने दार आपटते आणि मागची भिंत हलली की प्रेक्षक हसतात, तिसऱ्या अंकातसुद्धा हसतात. पुष्कळ ठिकाणी रंगमंचाच्या लाकडाला खिळा मारू देत नाहीत, बरोबरच आहे, मग मागे टेकू लावून वाळूच्या पिशव्या ठेवायच्या.

दामू केंकरे, मोहन वाघ, रघुवीर तळाशीलकर, आताचे प्रदीप मुळ्ये, राजन भिसे, ह्या नेपथ्यकारांची नावं जाहिरातीत असतात, असलीच पाहिजेत. पण त्यांचं चित्र टेम्पोत मावेल असं करणारा सुतार कोण होता हे विचारा, कुणाला माहीत नाही. तुमच्या बहिणीला ते व्हायचंय. नाव नाही होणार, हे तिला आधीच सांगा.

आणि एक विचारायचं होतं. खुर्ची मोडते तेव्हा नट पडतो कुठे आणि त्याला लागू नये म्हणून काय केलंय?

मिरजेची_मेघा
तिलाच विचारून लिहितेय. मागचे दोन पाय चिकटवलेलेच नव्हते, बैठकीखाली खोबण करून नुसते बसवले होते आणि दोन्ही पायांतून आडवी एक सळई. सळईला काळा दोरा, तो नटाच्या हातात. त्याने ओढला की सळई बाहेर आणि पाय सुटतात. बैठक मुद्दाम नेहमीपेक्षा बुटकी, बैठकीच्या खालून फोम चिकटवलेला म्हणजे आवाज दबतो आणि आपटत पण नाही. लाकूड फुटायचा आवाज विंगेतून, कुणीतरी पेरूच्या खोक्याची फळी मोडायचं. दोरा नटाने स्वतःच ओढायचा, दुसऱ्या कुणी नाही, ही तिची अट होती, कारण म्हणे पडणाऱ्याला कधी पडायचं ते माहीत असलं पाहिजे.

विंगेतला
शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. हे तिला कुणी शिकवलेलं दिसत नाही आणि ज्याला शिकवलंय त्यालाही दहा वर्षांनी कळतं. पाठवा तिला.

गोरेगाव_पूर्व
सहमत. मेघाताई, त्या खुर्चीचे फोटो आहेत का? उभी खुर्ची, सुटे पाय, खालची खोबण, सळई, सगळे? असतील तर जपून ठेवा आणि नसतील तर परत बनवून काढा. आमच्याकडे काम मागायला येतात ते सगळे तयार वस्तूचे फोटो दाखवतात, तेही छान लाइट लावून. मला ते बघून काही कळत नाही. मला फ्लॅटची मागची बाजू दाखवा, जोड कसा घातलाय ते दाखवा.

कागदी_वाघ
मुलींना घेतात का पण? म्हणजे स्टायलिंग, कॉस्च्युम, सेट ड्रेसिंगला मुली भरपूर दिसतात, हातात ड्रिल घेतलेली मुलगी मी तरी सेटवर पाहिली नाही.

मिरजेची_मेघा
कागदी_वाघ, हाच आईचा प्रश्न. रात्रभर काम, सगळे पुरुष, राहायचं कुठे.

गोरेगाव_पूर्व
खोटं कशाला बोलू, ठेकेदाराच्या माणसांत बाई जवळपास नसतेच. असिस्टंट म्हणून मुली आहेत, प्रॉपर्टी आणि ड्रॉइंगला चांगल्या संख्येने आहेत. सुतारकामात घेणार नाही असं तोंडावर कुणी म्हणणार नाही, 'तुम्हाला जमणार नाही मॅडम' म्हणतील.

वकिलीण_बाई
कायद्याचं एवढंच सांगते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मेकअप आर्टिस्टांचं प्रकरण होतं, युनियन बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच देत नव्हती, बायकांनी फक्त केशभूषा करायची असा नियम. न्यायालयाने तो नियम रद्द केला. प्रकरण मेकअपचं असलं तरी बाई आहे म्हणून कामाचं कार्ड नाकारता येत नाही हे त्यातून स्पष्ट आहे. आता कायदा एक आणि रात्री दोनला घरी सोडायला गाडी मिळणं एक, ते मान्य. गाडीचं पहिल्याच दिवशी बोलून घ्यायचं, लाजायचं नाही.

चष्मेवाली
आणि एक मार्ग आहे. प्रॉप मेकिंगची छोटी छोटी वर्कशॉप आहेत मुंबईत, खोट्या तलवारी, मूर्ती, जाहिरातीसाठी मोठे बिस्किट, मोठी चप्पल असलं करणारी. तिथे बायका आहेत, दिवसाचं काम असतं, आणि हाताचं काम खूप शिकायला मिळतं. बांधकामापेक्षा सुरुवात तिथून सोपी.

रेझीनवाला
चष्मेवालींनी आमचा विषय काढला म्हणून लॉगिन केलं. माझं असंच वर्कशॉप आहे, जागा सांगत नाही नाहीतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) येत बसतात.

काम कसं चालतं थोडक्यात. आधी मातीत नाहीतर थर्माकोलात मूळ वस्तू, तिच्यावरून पीओपीचा किंवा रबराचा साचा, साच्यात फायबर. मग घासणे, लांबी म्हणजे पुट्टी भरणे, रंग, आणि शेवटी जुनं करणं. हे जुनं करणं म्हणजे अर्धी कला, हात कुठे लागतो तिथे रंग जातो, खाचेत मळ बसतो, तलवारीच्या मुठीला घामाचा काळा थर. नवीन मुलं सगळीकडे सारखा चॉकलेटी रंग फासतात आणि वस्तू जुनी न दिसता घाण दिसते.

आता कुणी सांगत नाही ते सांगतो. फायबरच्या रेझीनमध्ये, म्हणजे साच्यात घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, दोन गोष्टी पडतात, कोबाल्ट आणि हार्डनर, ज्याला एमईकेपी म्हणतात. हे दोन एकमेकांत थेट कधी म्हणजे कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट पण होतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर, आणि तो शेकडा एक दोन टक्के, भसाभस ओतायचा नाही. बऱ्याचदा दुकानातून रेझीन कोबाल्ट घातलेलंच येतं, ते विचारून घ्यायचं. दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवायच्या नाहीत. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावा. कापडी मास्कने रेझीनचा वास थांबत नाही, वाफेचा काडतूसवाला मास्क मिळतो तो घ्या.

थर्माकोलवर साधा स्प्रे मारला तर थर्माकोल वितळतो, पॉलिएस्टर रेझीन पण खातं त्याला. आधी फेविकॉल आणि पीओपीचा नाहीतर डिस्टेंपरचा थर. तापलेल्या तारेने कापताना खिडकी उघडी. आमच्या धंद्यात पोरं पंचविशीत खोकायला लागतात आणि म्हणतात धुळीची ॲलर्जी आहे.

चुरमुरे
बापरे. हे वेगळा धागा काढून लिहा ना साहेब, इथे हरवून जाईल.

रेझीनवाला
वेळ नाही हो, गणपती तोंडावर आलेत.

पन्हाळ्याचा_वारा
गणपतीवरून आठवलं, मेघाताई तुम्ही मिरजेत बसून मुंबई पुणे काय शोधताय. कोल्हापुरात गंगावेश, बापट कॅम्प, कुंभारांची एवढी कामं चालतात. एक सिझन तिथे बसली तर माती, साचा, जोड, रंग सगळं हातात येईल. कोकणातून कुणी असेल तर पेण, पेणच्या मूर्तींना २०२३ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. आणि तुमच्या स्वतःच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे की! भोपळा वाळवून त्याला आकार देणं, लाकूड कोरणं, पॉलिश, नक्षी, हे प्रॉपर्टीचंच काम आहे, फक्त ते वाजतं. त्या लोकांचं पॉलिश बघा एकदा. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असले हात असताना पोरीला मुंबईच्या चाळीत कशाला पाठवताय लगेच.

मिरजेची_मेघा
अय्या, हे डोक्यातच आलं नाही. आमच्या ओळखीचे आहेत एक जण सतारमेकर गल्लीत. बाबांच्या वर्गातले.

वडसेकर
झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातून लिहितो. आमच्या इकडे दिवाळी झाली की नाटकं सुरू, होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र, कंपन्यांना इकडे प्रेस म्हणतात, गावातलं मंडळ प्रेसला बुक करते आणि रात्रभर नाटक चालते. तुमच्या पुण्या मुंबईच्या धाग्यात आमचं नाव कोणी काढत नाही म्हणून मीच काढतो. इकडे अजून रंगवलेले पडदे चालतात, राजवाडा, जंगल, रस्ता, घर. पडदा गुंडाळला, गाडीत टाकला, पुढच्या गावी. हंगामात रोज नवीन गाव, तुमच्या दौऱ्याला तरी मधे सुट्टी असते. मोठा पडदा जमिनीवर पसरून त्याच्यावर चालत चालत रंगवणारा पेंटर बघायचा असेल तर पोरीला हंगामात इकडे आणा, जेवायची सोय आमच्या घरी.

विंगेतला
वडसेकर भाऊ, सलाम. पडदा रंगवणारा हात आमच्याकडे संपत आला, आता फ्लेक्स प्रिंट मारतात आणि त्यावर लाइट पडला की चकाकतो. रंगवलेला पडदा लाइट पितो. फरक पहिल्या रांगेतून नाही कळत, पंधराव्या रांगेतून कळतो.

म्हापशेकार
गोव्यातून. आमच्या इथे पोरं हे नरकासुराला शिकतात. दिवाळीच्या आदल्या रात्रीला वाड्यावाड्यात नरकासुर, लोखंडी सांगाडा, गवत, कागद, आणि आता तर हात हलवणारे डोळे फिरवणारे. महिना महिना रात्री बसून करतात आणि पहाटे जाळतात. मग शिगम्याचे चित्ररथ. तियात्राला (कोंकणी नाटक) आणि गावच्या जत्रेच्या नाटकाला सेट करणारे बरेच जण ह्यातूनच आलेले, शाळा नाही काही नाही. पणजीला कला अकादमीत नाटकाचं शिक्षण आहे, पण सुतारकाम हवं तर नरकासुराकडेच जावं लागतं बघा.

थेम्सकाठी
लंडनमध्ये असते, माझं काम वेगळं पण घरमालकीण थिएटरमध्ये सीनिक आर्टिस्ट आहे म्हणून माहिती. इथे रॉयल सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामध्ये थिएटर प्रॅक्टिसची बीए आहे, त्यात प्रॉप मेकिंग वेगळं, सेटचं बांधकाम वेगळं, सीनिक आर्ट म्हणजे रंगकाम वेगळं, असे वेगवेगळे मार्ग घेता येतात. म्हणजे मेघाच्या बाबांना हवी तशी शाळा जगात आहे. फक्त परदेशी विद्यार्थ्यांची फी बघितली तर बाबा तिला आनंदाने सतारमेकर गल्लीत सोडून येतील.

मिरजेची_मेघा
😂 बाबा शेजारीच बसलेत, वाचलं त्यांनी. 'शाळा आहे ना पण' म्हणाले, जिंकल्यासारखे.

डेटा_सायंटिस्ट_पुणे
सगळे भावनिक झालेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. एलईडी वॉल आल्यात, मागचं सगळं जग कॉम्प्युटरवर बनतं, एआय तर अजून पुढे. पाच वर्षांनी सेट बांधणार कोण? त्यापेक्षा मुलीला थ्रीडी शिकवा.

गोरेगाव_पूर्व
एलईडी वॉलवर काम केलंय. भिंतीवर डोंगर दिसतो, पण नट उभा कशावर आहे? पायाखालची माती, पुढचा ओटा, दार, हातातला कंदील, हे खरंच लागतं. उलट तिथे काम वाढतं, कारण पडद्यावरची माती आणि पायाखालची माती एका रंगाची दिसली पाहिजे, पेंटर तासन् तास जुळवत बसतो. थ्रीडी शिकावं हे मात्र बरोबर बोललात. स्केचअप हे थ्रीडी सॉफ्टवेअर तरी यावंच, आता ठेकेदारसुद्धा मोबाइलवर मॉडेल फिरवून बघतो.

विंगेतला
आणि नाटकात एलईडी लावणारे लावतायत, पण त्यावर खुर्ची मोडून दाखवा म्हणावं.

गोरेगाव_पूर्व
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून बोलतो, आईबाबांना तेही कळू दे. सुरुवातीला दिवसावर काम. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, उद्या शूटिंग असेल आणि सेट ओला असेल तर घड्याळ कुणी बघत नाही. टीव्हीत पेमेंट नव्वद दिवसांनी ही तर रीतच पडलीय. म्हणजे पहिले तीन महिने घरून पैसे लागणार हे धरूनच मुंबईत या. आणि पावसाळ्यात बाहेरची कामं कमी, तेव्हा आमचे सुतार, पेंटर, मोल्डर सगळे गणपती मंडळांच्या देखाव्यांना. लालबाग परळला जे महाल उभे राहतात त्यातले बरेच हात वर्षभर स्टुडिओत असतात.

आयटीआय_सर
मी निदेशक आहे, सरकारी आयटीआयमध्ये. इतका वेळ कुणी आमचं नाव घेईल म्हणून वाट पाहत होतो. कारपेंटर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. फी अगदीच कमी. जोड कुठला कुठे, हत्याराला धार कशी लावायची, मशीनवर बोटं कशी वाचवायची, ड्रॉइंग कसं वाचायचं, हे रीतसर शिकवतो आम्ही. मुली फारच कमी येतात पण आल्या तर आनंदच आहे. सेट वगैरे आमच्या अभ्यासक्रमात नाही. पण ज्याला काटकोन काढता येतो त्याला सेट शिकवणं सोपं, आणि बाबांना शाळा हवीय ना, ही घ्या शाळा, सर्टिफिकेटसकट.

चष्मेवाली
सर, हे खूप महत्त्वाचं. मी तर म्हणेन बीकॉम संपल्यावर हाच एक वर्षाचा ट्रेड करावा आणि संध्याकाळी सांगलीत राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या एखाद्या हौशी ग्रुपबरोबर बॅकस्टेज. स्पर्धेच्या नाटकाला पैसे नसतात, म्हणून डोकं चालवावं लागतं. मुंबईला यायची घाई कशाला.

गोरेगाव_पूर्व
मी जरा वेगळं म्हणेन. आयटीआयचा सुतार टिकाऊ वस्तू करायला शिकतो. आमचं काम टिकाऊ नसतं, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच खरं आणि उद्या सकाळपर्यंत. घरच्या कपाटासारखा जोड घालत बसला तर सेट उभाच राहणार नाही. ती सवय मोडायला परत वर्ष जातं.

आयटीआय_सर
आधी येऊ तर दे, मग मोडा.

विंगेतला
नाटकाला आयटीआयचाच सुतार बरा, शंभर प्रयोग टिकवायचेत. म्हणजे ती कुठे जाणार त्यावर आहे.

कोल्हापुरी_चप्पल
मधेच एक. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, १९१५ चं पॅलेस थिएटर होतं ते. आम्ही बाहेर उभे राहून बघत होतो. कारणाच्या वादात जात नाही पण नाट्यगृहात जळण्यासारखं केवढं असतं हे त्या रात्री कळलं. कापड, लाकूड, थर्माकोल, थिनर. सेट शिकणाऱ्यांना आगीचं कुणी शिकवतं का?

रेझीनवाला
शिकवत नाही कुणी. पडद्याच्या सुती कापडाला आणि कागदाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून मारता येतं, जुना उपाय आहे, आग लगेच धरत नाही. एकदा भिजलं किंवा धुतलं की परत मारावं लागतं. थर्माकोलला त्याचा उपयोग नाही, तो वापरायचाच कमी. लाइटपासून लांब. आणि थिनरचा डबा रंगमंचावर आणायचाच नाही.

मिरजेची_मेघा
अपडेट. बाबा परवा तिला घेऊन सतारमेकर गल्लीत जाऊन आले, ते काका म्हणाले रविवारी येत जा, आधी फक्त पॉलिश पेपर घासायचा. आयटीआयचा फॉर्म निकालानंतर. सर, तुम्हाला व्यनि केलाय.

आणि तिने अंगणात चार बाय आठचा खिडकीवाला फ्लॅट करायला घेतलाय. पाइनच्या पट्ट्यांची चौकट झाली, कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोण मारलेत. आता कापड. तिचे प्रश्न: मांजरपाट आधी धुवून घ्यायचा का? आणि किती ताणून लावायचा?

विंगेतला
धुवायचा अजिबात नाही. कोरा मांजरपाट पाणी लागलं की आटतो, तेच आपल्याला हवंय. लावताना नुसता सरळ बसेल एवढाच ओढायचा, सुरकुती नको पण ढोलकीसारखा ताण पण नको. कडांना फेविकॉल, हवं तर स्टेपल. वाळला की पातळ फेविकॉलच्या पाण्याचा पहिला हात सगळीकडे मारायचा, त्यात थोडं व्हाइटिंग, म्हणजे खडूची पूड. कापड आटून आपोआप ताठ होतं. आधीच जोरात ताणलं तर आटताना चौकट ओढून घेतं, फ्लॅट पिळवटतो आणि शेजारच्या फ्लॅटला कधीच चिकटून बसत नाही. पहिला हात पूर्ण वाळेपर्यंत सपाट आडवा ठेवायचा, भिंतीला टेकवून उभा नको.

खिडकीच्या भोवती कापड कापताना कोपऱ्यात तिरका काप देऊन आत दुमडायचं.

मिरजेची_मेघा
सांगितलं. विचारतेय खिडकीची चौकट कापडाच्या आधी बसवायची की नंतर?

विंगेतला
नंतर. आणि चार स्क्रूवर निघेल अशी. पुढच्या नाटकात तिथे दार लागेल.